स्क्रीन काळी, मशीन चालू : बूट होताना ग्राफिक्सची चाचपणी कुठे अडते

पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसर, मोहाडी, सगळीकडून लोक जोडलेले दिसताहेत. काही जण नागपूर-पुण्याहूनही आहेत, त्यांचंही स्वागत. मागच्या वेळी आपण बूटलोडरपर्यंत येऊन थांबलो होतो. आज तिथून पुढे जाऊ. विषय म्हणजे भंडारा जिल्ह्यात सध्या फार ऐकू येणारं एकच वाक्य आहे : "लिनक्स टाकलं, लोगो आला, आणि मग स्क्रीन काळी."

सध्याच का ऐकू येतं, याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडे बघा ना : शाळांचे संगणक कक्ष, झेरॉक्सची दुकानं, राइस मिलचा धरमकाटा, धान खरेदीच्या हंगामात सातबारा आणि पासबुकाचे फोटो चढवणारी केंद्रं. इथे जी-३१, जी-४१ चिपसेटचे बोर्ड अजून इमानेइतबारे चालतात. त्यावर कुणीतरी हौसेने उबंटू नाहीतर डेबियन टाकतो, स्क्रीन काळी होते, दुकानात नेलं की उत्तर मिळतं "कार्ड गेला जी", आणि धडधाकट संच भंगारात जातो. हंगामात खरेदी केंद्राचा संच असा बसला तर बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढत जाते, आणि घाईत नवं कार्ड विकत घेतलं जातं. तेही लावलं की पुन्हा काळीच.

दुकानदाराला दोष देत नाही आम्ही. त्याच्यासमोर काळी स्क्रीन आहे, तो दुसरं काय बघणार? पण काळी स्क्रीन हा एक आजार नाही, ते चार-पाच वेगवेगळ्या आजारांचं एकच लक्षण आहे. ताप आला म्हणून सगळ्यांना एकच गोळी देता येत नाही. आणि यातल्या बहुतेक वेळा मशीन जिवंत असतं, फक्त ते आपल्याशी बोलू शकत नाही. कुठल्या पायरीवर त्याची वाचा बसली, ते त्याने लॉगमध्ये लिहूनही ठेवलेलं असतं. आज आपण ते लिहिलेलं वाचायला शिकणार आहोत.

एक गोष्ट आधी सांगून टाकू. लिनक्स हा आपल्या भागात नवखा पाहुणा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं, न्यायालयांसाठी बेतलेला उबंटू दिला. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्रात तयार झाली. भंडाऱ्याचं जिल्हा न्यायालय त्याच प्रकल्पात येतं. म्हणजे कोर्टाचं काम ज्यावर चालतं तेच आपण शाळेत टाकतो आहोत. फरक एवढाच की तिथे कुठल्या संचावर काय चालेल हे आधी कुणीतरी बघितलेलं असतं, आणि आपल्याकडे ते आपल्यालाच बघावं लागतं.

तर, चित्र स्क्रीनवर येतं कसं? बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत ते एका हातून दुसऱ्या हाती जातं. पहिला हात बोर्डावरच्या बायॉसचा किंवा यूईएफआयचा. कंपनीचा लोगो तो दाखवतो. ग्रबचा मेनूही त्याच्याच भरवशावर दिसतो, ग्रबला स्वतःचं ग्राफिक्सचं ज्ञान फारसं नसतं. मग कर्नेल सुरू होतं. त्याच्याकडे लगेच खरा ड्रायव्हर नसतो, म्हणून बायॉसने जी चौकट तयार करून ठेवली त्याच चौकटीत ते तात्पुरतं चित्र काढतं. त्यानंतर खरा ड्रायव्हर येतो. इंटेलसाठी आय-९१५, एएमडीच्या कार्डांसाठी रेडिऑन किंवा एएमडीजीपीयू, एनव्हीडियासाठी नूव्हो किंवा कंपनीचा स्वतःचा. तो ताबा घेतो. आणि सगळ्यात शेवटी लॉगिनचा पडदा आणणारा डिस्प्ले सर्व्हर.

आता नीट ऐका, आजचं सगळं यात आहे. खरा ड्रायव्हर आला की पहिलं काम काय करतो, तर तात्पुरत्या चौकटीला हाकलतो. दोघांनी एकाच चिपवर हात ठेवून चालत नाही. वैनगंगेत एका डोंग्यातून दुसऱ्या डोंग्यात जाताना पहिला डोंगा पायाने ढकलून दिला, आणि दुसऱ्यात पाय पडायच्या आत तो हलला, तर माणूस कुठे असेल? नेमकं तेच होतं. जुनं चित्र गेलेलं आहे, नव्या ड्रायव्हरची सुरुवात मध्येच अडली आहे, आणि स्क्रीनवर कुणाचंच राज्य नाही. म्हणून लोगो दिसतो, ग्रब दिसतो, दोन-चार ओळी दिसतात आणि मग अंधार. लोगो दिसला याचा अर्थ कार्ड, केबल आणि मॉनिटर निदान मघापर्यंत तरी ठीक होते. "कार्ड गेला" म्हणणाऱ्याला हा एवढा एक प्रश्न विचारा : मग लोगो कुणी दाखवला? अलीकडच्या कर्नेलमध्ये काही ड्रायव्हर आधी आपलं सामान तपासतात आणि मगच जुन्याला बाहेर काढतात, पण सगळे नाही.

ही जी ड्रायव्हरची सुरुवात, तिला इंग्रजीत प्रोब म्हणतात. आम्ही चाचपणी म्हणतो, कारण खरोखरच अंधारात हात फिरवून कोण आहे ते बघण्याचा प्रकार आहे. कर्नेल पीसीआयच्या प्रत्येक खोलीचं दार वाजवतं. एका बसवर ३२ जागा, प्रत्येक जागेत जास्तीत जास्त ८ उपभाग. दार वाजवून विचारायचं, "कोण?" घरात कुणी नसेल तर सगळे एक-एक-एक असे बिट परत येतात. कुणी असेल तर तो दोन आकडे सांगतो : कंपनी कोण आणि वस्तू कोणती. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे. हो, १९७८ च्या त्यांच्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा. एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२, एनव्हीडियाचा १०डीई. जी-४१ बोर्डावरचं ग्राफिक्स असेल तर ८०८६ नंतर २ई३२ दिसेल. हे आकडे मिळाले की कर्नेल यादीत बघतं, हा कुणाचा पाहुणा, आणि त्या ड्रायव्हरला बोलावतं. ड्रायव्हर चाचपणी करून उत्तर देतो. शून्य म्हणजे जमलं. उणे आकडा म्हणजे जमलं नाही, आणि का जमलं नाही ते त्या आकड्यात आहे.

पूर्वी हे इतकं सभ्य नव्हतं. १९९० च्या दशकात आयएसए कार्डांना स्वतःची ओळख सांगण्याची सोय नव्हती. एक्सफ्री८६ बरोबर सुपरप्रोब नावाचा प्रोग्राम यायचा. तो कार्डाच्या निरनिराळ्या पोर्टांना हात लावून बघायचा, आणि चुकीच्या जागी हात लागला तर अख्खं मशीन गोठायचं. मॉनिटरची वारंवारता तर माहितीपुस्तिकेतून बघून हाताने भरावी लागे. चुकीची भरली तर मॉनिटर खराब होण्याची भीती असे, आणि ती पोकळ नव्हती. १९९४ मध्ये व्हेसाचं डीडीसी मानक आलं, तेव्हापासून मॉनिटर आपली माहिती स्वतः सांगायला लागला. आणि मार्च २००९ मध्ये लिनक्स कर्नेल २.६.२९ पासून स्क्रीनचा मोड ठरवण्याचं काम, आधी इंटेलपुरतं, कर्नेलने स्वतःकडे घेतलं. त्याआधी ते काम बरंच उशिरा, एक्स सर्व्हर करायचा. म्हणून जुने लोक सांगतात की "आमच्या वेळी निदान काळ्या पडद्यावर अक्षरं तरी यायची." खरं आहे ते.

आता कामाला लागू. काळी स्क्रीन समोर आहे. पहिलं काम : बटण दाबून धरायचं नाही. आपल्याकडे सगळ्यांचा हात तिथेच जातो. त्याऐवजी कीबोर्डावर नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो? मग कर्नेल जिवंत आहे. नम लॉक काहीच करत नसेल, तर थोडं थांबून पुन्हा बघा. जुन्या गोल पिनच्या कीबोर्डावर कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे आपोआप लुकलुकत असतील, तर कर्नेलच कोसळलं आहे, ती वेगळी गोष्ट. दिवा ठीक चालत असेल तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबून बघा. कधी कधी फक्त लॉगिनचा पडदाच अडलेला असतो आणि मागे अक्षरांचा कन्सोल सुखरूप असतो.

तेही नाही आलं, तर बंद करायचं बटण एकदाच, हलकं दाबून सोडा. जिवंत मशीन नीट आवरून बंद होतं आणि बंद होताना लॉग डिस्कवर उतरवतं. दाबून धरलंत की वीज तोडल्यासारखं होतं, आणि शेवटच्या ओळी, म्हणजे नेमक्या आपल्याला हव्या त्या ओळी, मेमरीतच मरतात. लॉग डिस्कवर उतरवायला सिस्टिमडीला नेहमीच्या ओळींसाठी पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. एवढी एक सवय लागली तरी अर्धं काम होतं.

आता आत शिरायचं. पुन्हा चालू करा. बायॉसचं मशीन असेल तर शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआय असेल तर एस्केप दाबा. ग्रबचा मेनू येईल. पहिल्या ओळीवर राहून ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या शेवटी क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द असतात, ते पुसा आणि एफ१० दाबा. हे दोन शब्द कर्नेलचं तोंड बंद ठेवण्यासाठी असतात, आणि आपल्याला तर त्याचं बोलणं ऐकायचं आहे. शेवटची ओळ कुठली दिसते, तिचा मोबाईलवर फोटो काढा. एक सांगायचं राहिलं : आज्ञा आम्ही उच्चाराने सांगतो आहोत, टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत करायच्या.

तरीही अंधारच, तर त्याच ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द घाला. सगळा एक शब्द, मध्ये जागा नाही. याचा अर्थ : "खऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरला बोलावू नकोस, बायॉसच्या तात्पुरत्या चौकटीतच राहा." बहुतेक वेळा स्क्रीन येते. आणि इथेच लोक थांबतात. इंटरनेटवर कुठेही विचारा, "नोमोडसेट घाल" एवढंच उत्तर मिळतं. आमचं मत वेगळं आहे. नोमोडसेट हा कंदील आहे. बिघाड शोधायला हातात घ्यायचा, त्याच्यावर संसार करायचा नाही.

कंदील घेऊन आत गेलो, की टर्मिनल उघडा. दोन आज्ञा. पहिली एलएसपीसीआय, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एनएनके. यात प्रत्येक वस्तू, तिचे ते दोन आकडे, आणि खाली कर्नेल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ दिसते. दुसरी जर्नलसीटीएल, उणे के, मग उणे बी, मग उणे १. म्हणजे "मागच्या वेळच्या बूटमधलं कर्नेलचं बोलणं दाखव." मागच्या वेळचं, म्हणजे स्क्रीन काळी झाली तेव्हाचं. त्यात डीआरएम, फर्मवेअर आणि फेल्ड हे शब्द शोधा.

आता जे दिसेल त्यावरून वाटा फुटतात. एलएसपीसीआयमध्ये ग्राफिक्स कार्ड मुळी दिसतच नसेल, तर सॉफ्टवेअरकडे बघण्यात अर्थ नाही. चाचपणी करणाऱ्याला घरात कुणी सापडलंच नाही. तुमसर भागातल्या एका राइस मिलच्या धरमकाट्यावरचा संच आमच्याकडे आला होता, आत धानाच्या कोंड्याचा गालिचा अंथरलेला. कार्ड काढलं, सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर फिरवला, स्लॉट ब्रशने झाडला, पुन्हा बसवलं, चालू. वायर काढून, बॉडीच्या धातूला हात लावून मग आत हात घालायचा, हे वेगळं सांगायला नको. बायॉसमध्ये पहिलं ग्राफिक्स कोणतं, बोर्डावरचं की स्लॉटमधलं, हेही बघा. आणि हसू नका, पण केबल कार्डाच्या पोर्टात आहे की बोर्डाच्या, हे सगळ्यात आधी बघा.

कार्ड दिसतंय, पण ड्रायव्हर इन यूज ही ओळच नाही, अशी दुसरी वाट. एनव्हीडियाचा कंपनीचा ड्रायव्हर टाकलेल्यांकडे हे हमखास होतं. तो ड्रायव्हर प्रत्येक कर्नेलसाठी नव्याने बांधावा लागतो. कर्नेल अपडेट झालं, ड्रायव्हरची बांधणी फसली, आणि त्याने बसतानाच नूव्होला बंदी घातलेली असते. म्हणजे घरचाही नाही, दारचाही नाही. जुन्या कार्डांचं तर दुखणंच आहे : ३४० मालिकेचा आधार २०१९ च्या अखेरीस संपला, ३९० चा २०२२ च्या अखेरीस. नव्या कर्नेलवर ते बांधायच्या मागे लागू नका. कंपनीचा ड्रायव्हर काढून टाका, नूव्होवरची बंदी उठवा, कार्यालयीन कामाला तो पुरतो. ड्रायव्हर नवा असूनही बसत नसेल तर सिक्युअर बूट बघा. सही नसलेला ड्रायव्हर ते आत येऊ देत नाही, आणि लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितं.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा वेळ काढू. ड्रायव्हर आला, चाचपणीला लागला, आणि उणे आकडा देऊन परत गेला. उणे २ म्हणजे "फाइल सापडली नाही". उणे १२ म्हणजे मेमरी पुरली नाही. उणे २२ म्हणजे मिळालेली माहिती त्याच्या समजुतीत बसली नाही. उणे ११० म्हणजे वाट बघून थकला, चिपने वेळेत उत्तर दिलं नाही. इथे मात्र कार्ड तापलंय का, पॉवर सप्लाय म्हातारा झालाय का, असे संशय घ्यायला जागा आहे. उणे ५१७ दिसला तर घाबरू नका, "आत्ता नाही, थोड्या वेळाने पुन्हा बोलवा" एवढाच त्याचा अर्थ. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवर तो दिसतो.

यातला उणे २ आपल्याकडे फार. कुठली फाइल सापडली नाही? फर्मवेअर. आजकालच्या ग्राफिक्स चिपमध्ये छोटे-छोटे प्रोसेसर असतात, आणि त्यांचा प्रोग्राम चिपमध्ये नसतो, दरवेळी डिस्कवरून भरावा लागतो. तो कंपनीचा बंद प्रोग्राम असतो, म्हणून डेबियनने आपल्या अधिकृत डिस्कमध्ये तो वर्षानुवर्षे ठेवला नाही. तत्त्वाला धरून होतं ते. पण शाळेतल्या सरांच्या वाट्याला काळी स्क्रीन यायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेऊन हे बदललं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. म्हणून तुमच्याकडे डेबियन ११ चा जुना पेनड्राइव्ह असेल आणि रेडिऑन कार्ड असेल, तर आधी तो पेनड्राइव्ह बदला.

पण एक खोच आहे. एका शाळेतल्या संचांवर फर्मवेअरचं पॅकेज टाकलेलं होतं, फाइल डिस्कवर डोळ्यांनी दिसत होती, तरी लॉगमध्ये उणे २. कसं काय? तर ड्रायव्हरची चाचपणी होते तेव्हा मुख्य डिस्क उघडलेलीच नसते. कर्नेल सुरुवातीला एका छोट्या गाठोड्यातून काम करतं, त्याला इनिटरॅमएफएस म्हणतात. प्रवासाला निघताना घरात सगळं असतं, पण वाटेत उपयोगी पडतं ते पिशवीत घेतलेलं. फाइल घरात होती, पिशवीत नव्हती. उपाय एका ओळीचा : सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस, उणे यू. पिशवी पुन्हा भरली जाते. पुढच्या बूटला, नोमोडसेट न घालता, स्क्रीन आली. त्या कक्षातले सगळे संच एकाच बनावटीचे होते, त्यामुळे एकावर कारण सापडलं आणि बाकीच्यांवर तीच एक ओळ चालवली. नवं कार्ड एकही घ्यावं लागलं नाही.

आणि चौथी वाट : चाचपणी यशस्वी, ड्रायव्हर इन यूज आय-९१५, लॉगमध्ये एकही तक्रार नाही, तरी स्क्रीन काळी किंवा मॉनिटरवर "आउट ऑफ रेंज". म्हणजे चित्र तयार होतंय, पण चुकीच्या दारातून किंवा चुकीच्या मापात बाहेर पडतंय. मॉनिटर आपली माहिती १२८ बाइटच्या एका पत्रकात सांगतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए केबलमध्ये हे पत्रक १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येतं. स्वस्त केबलमध्ये या पिना कधी कधी असतच नाहीत, कधी वाकलेल्या असतात. चित्राच्या पिना शाबूत, म्हणून लोगो दिसतो. पत्रक मात्र पोचत नाही, आणि कर्नेल १०२४ गुणिले ७६८ हे माप गृहीत धरून चालतं. एचडीएमआयचं व्हीजीए करणारे छोटे कन्व्हर्टर, एका केबलचे दोन करणारे स्प्लिटर, शाळेतल्या प्रोजेक्टरची भिंतीतून नेलेली लांब वायर, या सगळ्यांत हाच घोटाळा. प्रोजेक्टर आधी चालू करा, संच मग. चाचपणीच्या वेळी समोरचा जागा असला पाहिजे.

कर्नेलला कुठलं दार उघडं वाटतंय हे बघायचं असेल, तर सिस या फोल्डरात क्लास, त्यात डीआरएम, तिथे प्रत्येक पोर्टाच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्यात स्टेटस नावाची फाइल. कनेक्टेड की डिसकनेक्टेड, ते तिथे लिहिलेलं असतं. काही डेस्कटॉप बोर्डांवर गंमत दिसते : एलव्हीडीएस कनेक्टेड. एलव्हीडीएस म्हणजे लॅपटॉपची आतली स्क्रीन! डेस्कटॉपला ती कुठून येणार? बायॉसने खोटं सांगितलेलं असतं, आणि चित्र त्या नसलेल्या स्क्रीनवर जाऊन बसतं. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये असं खोटं बोलणाऱ्या बोर्डांची एक यादीच ठेवलेली आहे. तुमचा बोर्ड त्या यादीत नसेल, तर ग्रबच्या ओळीत व्हिडिओ, बरोबर चिन्ह, एलव्हीडीएस-१, अपूर्णविराम, डी, असं लिहायचं. डी म्हणजे डिसेबल, हे दार बंद. जमलं की तेच ईटीसी, डीफॉल्ट, ग्रब या फाइलमध्ये कायमचं लिहून सुडो अपडेट-ग्रब चालवा.

आता चॅटमधले प्रश्न घेऊ.

साकोलीहून एक ताई विचारताहेत : "आमच्या केंद्रावर दोन वर्षं नोमोडसेटवरच चाललं आहे. काय बिघडलं?" ताई, फॉर्म भरणं आणि छापणं एवढंच काम असेल तर काही बिघडलं नाही, चालू द्या. पण चित्र काढण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. व्हिडिओ अडखळतो, पंखा सतत ओरडतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतला तो संच दुपारी आपोआप बंद पडायला लागला तर नवल नाही. सवडीचा दिवस काढून लॉग वाचा. बहुधा एका ओळीचं काम निघेल.

दुसरा प्रश्न, लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हीडिया दोन्ही आहेत, नोमोडसेटने दोन्ही बंद पडतात. बरोबर आहे. त्याऐवजी मोडप्रोब, टिंब, ब्लॅकलिस्ट, बरोबर चिन्ह, नूव्हो असं लिहा. एकालाच बाहेर ठेवायचं, इंटेलला काम करू द्यायचं. स्क्रीन बहुतेक लॅपटॉपांत इंटेललाच जोडलेली असते.

तिसरा लाखांदूरहून : "अपडेट चालू असताना लाइन गेली. आता ग्रब येतो, पुढे काही नाही." भाऊ, ही बहुतेक पिशवी अर्धवट भरलेली आहे. ग्रबमध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा. तिथे आधीचं कर्नेल जपून ठेवलेलं असतं, त्याची पिशवीही शाबूत असते. त्याच्यावर बूट करा. आत गेल्यावर आधी सुडो डीपीकेजी, दोन उणे चिन्हं, कॉन्फिगर, एक जागा, उणे ए, म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण होतील. मग अपडेट-इनिटरॅमएफएस, उणे यू, उणे के, ऑल, म्हणजे सगळ्या कर्नेलच्या पिशव्या पुन्हा भरतील. बूट नावाच्या फोल्डरमध्ये जागा शिल्लक आहे ना, ते डीएफ, उणे एच या आज्ञेने आधी बघा. जागा नसेल तर पिशवी पुन्हा अर्धवटच भरेल. आणि हे करताना संच इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाइन पुन्हा जायची.